अँटिबायोटिकची गोळी शरीरात नेमके काय करते?

पावसाळा लागला की बाळापूर तालुक्यातही सर्दी-तापाचे रुग्ण वाढतात. मजुरी बुडवून दवाखान्यात जाणे परवडत नाही. मग आपण मेडिकलवर जाऊन म्हणतो, "भाऊ, तापाच्या दोन-चार गोळ्या द्या." त्यात कधी अँटिबायोटिकही येते. दोन दिवसांत बरे वाटले की उरलेल्या गोळ्या डब्यात पडतात. यात धोका काय, ते समजून घेऊ.

पेनिसिलिनचे उदाहरण घ्या. जिवाणूभोवती टणक भिंत असते. जिवाणू वाढताना या भिंतीचे धागे एकमेकांना जोडावे लागतात. पेनिसिलिन हे जोडकामच थांबवते. भिंत कच्ची राहते, पाणी आत शिरते आणि जिवाणू फुटतो. माणसाच्या पेशींना अशी भिंत नसते, म्हणून त्या वाचतात. विषाणूलाही ही भिंत नसते. अँटिबायोटिक कोणतेही असो, साधी सर्दी, फ्लू किंवा डेंग्यूच्या विषाणूवर ते चालत नाही.

हे औषध गरिबांपर्यंत पोहोचावे म्हणून १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने त्याला मदत केली. पूर्वी जीव घेणारे कितीतरी आजार अशा औषधांमुळे बरे होऊ लागले.

पण जिवाणूही बदलतात. लाखोंमध्ये एखादा औषधाला पुरून उरणारा असतो. औषध चुकीचे किंवा अपुरे घेतले, तर कमजोर जिवाणू मरतात, चिवट उरतात आणि तेच वाढतात. क्षयरोगात हे स्पष्ट दिसते. म्हणून त्यावर एकाच वेळी अनेक औषधे महिनोन्महिने द्यावी लागतात. २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयरोगाचे रुग्ण जगासमोर मांडले. असा चिवट जिवाणू खोकल्यातून दुसऱ्यालाही लागतो.

म्हणून युवकांनी आणि कार्यकर्त्यांनी वस्तीत, विहारात एवढे तरी सांगावे : पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते औषध घेऊ नका. सांगितले तितके दिवस घ्या, मध्येच सोडू नका. उरलेली गोळी शेजाऱ्याला देऊ नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात जा. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे तिथे मोफत आहेत.

कुणी सांगितले म्हणून गोळी गिळू नका. कशासाठी, किती दिवस, हे डॉक्टरांना विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे.