डाग चिवट, पण भांडं अस्सल!

केक फस्त झाला, बेक्ड भाजी सगळ्यांना आवडली, पाहुणे तृप्त होऊन गेले. मागे उरतं ते स्टोनवेअरचं भांडं आणि त्याच्या काठाला धरलेले तपकिरी डाग! कितीही घासा, हलत नाहीत. मग वैतागून तारेची घासणी हाती घेतली जाते, नाही तर भांड्याची रवानगी माळ्यावर होते. मैत्रिणींनो, जरा थांबा. या दोन्हींची गरज नाही.

स्टोनवेअर म्हणजे आपल्या लोणच्याच्या बरणीचंच भावंड. सुमारे १२०० अंश सेल्सिअसला किंवा त्याहून अधिक तापमानाला भाजल्यामुळे ही माती दगडासारखी घट्ट होते. त्यामुळे डाग बहुधा आत शिरलेला नसतो, वरच बसलेला असतो. तेल-तूप पुन्हा पुन्हा तापलं, की त्याचा थर रोगणासारखा वाळतो. नुसत्या साबणाला तो दाद देत नाही.

प्रथम भांडं पूर्ण निवू द्या. कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून ते तासभर भिजवा. मग तीन भाग सोडा आणि एक भाग पाणी असा लेप डागावर जाडसर थापा, वर ओलं फडकं घाला आणि रात्रभर राहू द्या. सकाळी नायलॉनच्या घासणीने गोल गोल घासा. एकदा नाही गेला, तर दोनदा करा. सोड्यात व्हिनेगर घालून फेस काढण्याची पद्धत दिसायला छान. पण दोघं एकमेकांचा जोर मारतात. पाण्याचे पांढरे डाग असतील, तर मात्र नुसतं लिंबू किंवा व्हिनेगर चोळा. हळदीचा पिवळेपणा उरला, तर धुतलेलं भांडं उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हात उडतो.

भांडं बिनझिलईचं असेल, तर गोष्ट वेगळी. खात्री करायची असेल, तर पाण्याचा थेंब टाका. शोषला गेला, की समजा झिलई नाही. अशा भांड्याला साबण लावू नका, तो आत मुरून पुढच्या पावाला वास येतो. गरम पाणी आणि लाकडी उलथनं पुरे. ते काळपट झालं तरी बिघडत नाही. बिडाच्या तव्यासारखं ते मुरत जातं आणि पदार्थ चिकटत नाही.

आता दोन गोष्टी अगदी ध्यानात ठेवा. ओव्हनमधून काढलेल्या भांड्यावर गार पाणी कधीही ओतू नका, ते तडकेल. आणि दुसरी फार महत्त्वाची: डाग जात नाही म्हणून ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करण्याचं अ‍ॅसिड मिसळू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. चुकून तसं झालंच, तर सगळं तिथेच सोडून मोकळ्या हवेत या.

तारेच्या घासणीने झिलईवर ओरखडे पडतात आणि पुढचा डाग तिथेच घट्ट बसतो. झिलईचे टवके उडाले असतील, तर त्या भांड्यात शिजवू नका. कुंडीखाली ठेवायला ते झकास! बाकी फिकट डाग राहिलाच, तर राहू द्या. स्वच्छ असणं महत्त्वाचं, नवंकोरं दिसणं नव्हे.