शिलावर्तुळापाशी भरणारा मेळावा

सन २००० च्या मे महिन्याच्या आरंभी अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या हुकुमान्वये स्थाननिर्देशक उपग्रहांच्या संकेतांत लष्करी सावधगिरीपोटी मुद्दाम मिसळलेली अशुद्धता काढून टाकण्यात आली, आणि तोवर शंभर मीटरांपर्यंत चुकणारे सामान्य नागरिकाच्या हातातील यंत्र एकाएकी दहा-वीस मीटरांत जागा दाखवू लागले. लगोलग, ३ मे रोजी, ओरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीकजवळच्या रानात डेव्ह अल्मर या गृहस्थांनी एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. तिच्यात पुस्तके, थोडे पैसे, एक गलोल, घेवड्याचा एक हवाबंद डबा, वही आणि पेन्सिल असा जामानिमा ठेवला. आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करून टाकले. ज्यास ती सापडेल त्याने एखादी वस्तू न्यावी, एखादी ठेवावी व वहीत आपली नोंद करावी, एवढाच दस्तुर. जिओकॅशिंग हा जगभर पसरलेला छंद तो हाच. फरक इतकाच की, डबी लपविण्यासाठी जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीवाचून जमीन खणण्यास आता मनाई आहे.

हा शोध बहुधा एकाकी असतो. म्हणूनच या मंडळींत मेळाव्यांची प्रथा पडली. मेळाव्यात डबी नसते. तारीख, वेळ व स्थळाचे अंक निदान दोन आठवडे आधी प्रसिद्ध होतात, मेळावा किमान अर्धा तास चालावा लागतो, प्रवेशमूल्य घेण्याची मुभा नसते, आणि तेथे हजेरी लावली की तीच त्या दिवसाची प्राप्ती. एरवी ज्यांची ओळख केवळ डबीतल्या चिठोऱ्यावरील टोपणनावापुरती, ती माणसे येथे प्रथमच समोरासमोर येतात. गळ्यात क्रमांकाची धातूची पट्टी असलेल्या लहानसहान वस्तू या हातातून त्या हातात जातात व पुढच्या प्रवासाला लागतात.

अशा मेळाव्यास आधुनिक काळात हौसेने रचलेल्या शिलावर्तुळाइतके अनुरूप स्थळ मला तरी दुसरे सुचत नाही. प्राचीन वर्तुळांच्या पावित्र्यास धक्का लागण्याची धास्ती तेथे नसते, हे एक कारण झाले. परंतु खरे कारण अधिक खोल आहे. आकाशाकडे पाहून पृथ्वीवरील आपले स्थान निश्चित करणे हेच शिलावर्तुळ आणि जिओकॅशिंग या दोहोंचे प्रयोजन. ग्लासगो शहरातील साइटहिल येथील वर्तुळ पाहा. ज्योतिर्विद्येचे अभ्यासक डंकन ल्यूनन यांच्या योजनेनुसार १९७९ साली, बेकारांना काम देणाऱ्या एका सरकारी उपक्रमातून ते उभे राहिले. प्रचंड शिळा हेलिकॉप्टरने उचलून आणल्या गेल्या, आणि अयनदिनांचे सूर्योदय-सूर्यास्त व चंद्राच्या उदयास्ताच्या टोकाच्या दिशा त्यांतून दिसाव्यात अशी त्यांची मांडणी केली गेली. ज्यांनी प्राचीन वर्तुळांची जन्मभर मोजदाद केली त्या अलेक्झांडर थॉम प्रभृती संशोधकांच्या गौरवार्थ ते रचलेले होते. ज्या माणसांनी दिशांचा असा ध्यास घेतला, त्यांच्या शिळांच्या सावलीत उपग्रहांचे अंक वाचत आलेली माणसे एकत्र बसावीत, यात मला मोठे औचित्य वाटते.

परिसराच्या पुनर्विकासासाठी २०१६ साली त्या शिळा हलविण्यात आल्या आणि पुढे २०१९ मध्ये जवळच पुन्हा उभारल्या गेल्या. तेथे जाऊ इच्छिणाऱ्या वाचकाने जुन्या नकाशातले अंक न घेता नवे घेऊन निघावे.