मन मोकळं करताना: गुपित किती राहतं?

२०१४ साली माळीण गाव दरडीखाली गेलं, २०२३ साली इर्शाळवाडी. टीव्हीवर आपण ढिगारे पाहिले. ते उपसणारी माणसं मात्र बातमी संपल्यावर घरी जातात, आणि पाहिलेलं सगळं मनात घेऊन जातात. १०८च्या गाडीवरचे डॉक्टर आणि चालक, अग्निशमन दलाचे जवान, आपदा मित्र, रात्री-अपरात्री बाळंतिणीसोबत निघणारी आपली आशाताई, सगळ्यांचं असंच. झोप लागत नाही, तोच चेहरा डोळ्यांपुढे येतो.

अशा वेळी आधी आठवते ती बरोबर काम करणारी मैत्रीण. तिला फोड करून सांगावं लागत नाही. याला आपण सोबतीचा आधार म्हणू. पण आमच्या गटातल्या एका आशाताईंनी विचारलं, “मी तिच्यापाशी रडले, माझं चुकलं असं म्हणाले, आणि उद्या ते साहेबांच्या कानावर गेलं, नाहीतर कोर्टात गेलं, तर?” आज याचंच उत्तर पाहू.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा. त्याचं कलम २३ सांगतं, मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याची माहिती उपचार करणाऱ्यांनी गुप्त ठेवायची. जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर त्याला अपवाद आहेत. पण सोबतीण उपचार करत नाही, ती ऐकते. म्हणून हे कलम तिला लागू होत नाही. साहेबांना सांगू नकोस असं हा कायदा तिला बजावत नाही. तिथे तिचा शब्दच काय तो आधार.

आता कोर्टाचं. आपल्या साक्षीच्या कायद्यात नवरा-बायकोच्या आपसातल्या बोलण्याला आणि वकील-अशिलाच्या बोलण्याला संरक्षण आहे. मैत्रिणींच्या बोलण्याला नाही. साक्षीला बोलावून विचारलं, तर “मी शब्द दिला होता” हे उत्तर तिथे चालत नाही. अमेरिकेत केंद्र सरकारच्या पोलिसांसाठी २०२१ मध्ये वेगळा कायदा झाला. प्रशिक्षण घेतलेल्या सोबत्यापाशी बोललेलं त्याने गुप्त राहतं, थोडे अपवाद सोडून. आपल्याकडे असा कायदा नाही.

मग बोलायचंच नाही का? बोलायचं तर नक्कीच. फक्त तीन गोष्टी सांभाळायच्या.

पहिली, ऐकणारीने आधीच हद्द सांगावी. असं म्हणा: “ताई, तुझं बोलणं माझ्यापाशी राहील. पण तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका दिसला, तर मी मदत बोलावणार. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवणार. आणि कोर्टाने विचारलं, तर मला खरं सांगावं लागेल.” मुलांबाबत तर पर्यायच नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्याने कळवणं सगळ्यांवर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

दुसरी, हे बोलणं समोरासमोर करा. मोबाईलवरचा मेसेज एका बोटाने दहा जणींकडे जातो. गटाच्या वहीतही कुणाचं दुःख नावानिशी लिहू नका. कागद न्यायालय मागवू शकतं.

तिसरी, घटनेची चौकशी चालू असेल, तर कोण कुठे चुकलं हे वकिलाशी बोला. मैत्रिणीपाशी झोप, भीती, रडू याबद्दल बोला. मन हलकं व्हायला तेवढं पुरतं.

आणि मैत्रिणीच्या आवाक्याबाहेरचं असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे. सरकारी सेवा आहे, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा झालाय असं बोलून दाखवणं हा गुन्हा नाही. ते बोलायला घाबरू नका.

आशाताईंच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून असं: कोर्टापुढे गुपिताची खात्री देता येत नाही, पण पाणवठ्यावर आणि साहेबांच्या खोलीत ते जाऊ न देणं आपल्या हातात आहे. एकदा बाहेर फुटलं, की ती बाई पुन्हा तोंड उघडणार नाही, आणि तिला पाहून दुसरीही उघडणार नाही. गटाच्या पुढच्या बैठकीत वरची हद्दीची वाक्यं दोघी-दोघींनी एकमेकींना म्हणून बघा. वेळ आली की ती तोंडात बसलेली असू देत.