टाकीत काही घालू नका, टाकी रिकामी करा

हिवाळ्यात कॅराव्हॅन घेऊन काश्मीर-लाहौलकडे निघणाऱ्या पुणेकरांनी मार्केट यार्डात येणाऱ्या सफरचंदाच्या गाड्यांकडून शिकावे असे काही

चिल्लई कलान लागला की त्याची खबर मार्केट यार्डाला सफरचंदाच्या भावातून लागते. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस काश्मीरमध्ये सर्वांत कडक थंडीचे. रामबन-बनिहालच्या पट्ट्यात दरड कोसळली किंवा बर्फ साचला की गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात, गुलटेकडीत आवक घटते आणि आडत्यांचे फोन खणखणू लागतात. बागांमधली तोडणी कधीच संपलेली असते, पण पुलवामा जिल्ह्यातल्या लासीपोराच्या शीतगृहांतून माल निघत राहतो. त्यामुळे ऐन थंडीतही दोन हजारांहून अधिक किलोमीटर कापून पेट्या इथे उतरतात. गोठलेल्या दल सरोवराची छायाचित्रे आपण दरवर्षी पाहतो, त्यांची उजळणी इथे नको. मुद्दा वेगळा आहे. याच रस्त्यांवर आता पुण्या-मुंबईची कुटुंबे कॅराव्हॅन घेऊन निघू लागली आहेत. या गाड्यांत पाण्याची टाकी, पंप, गिझर, शॉवर, संडास असे सगळे असते; पाणी गोठले तर काय करायचे, याचा विचार मात्र बहुतेकींत झालेला नसतो.

पूर्वी ही वेळच येत नव्हती. बर्फ पडला की रोहतांगची खिंड बंद व्हायची आणि लाहौल जगापासून तुटायचे. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि सिस्सू-केलाँग हिवाळ्यातही गाठता येऊ लागले. जानेवारी २०२५ मध्ये सोनमर्गचा बोगदा सुरू झाला. इकडे राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. ते स्वाभाविकपणे कोकण आणि सह्याद्री डोळ्यांसमोर ठेवून आखले गेले. गाडी मात्र राज्याच्या हद्दीपाशी थांबत नाही.

पुण्याच्या थंडीचा अनुभव अपुरा

पुण्याचा आजवरचा नीचांक १७ जानेवारी १९३५ चा, १.७ अंश सेल्सिअस. म्हणजे विक्रमी थंडीतही इथला पारा शून्याच्या वरच राहिला. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हिमकण दिसतात, त्याची बातमी होते. निफाडला द्राक्षबागायतदार पहाटे शेकोट्या पेटवतात, ठिबक सोडतात. जमिनीखालून आलेले कोमट पाणी मुळांशी थोडी ऊब देते. आपली थंडीशी ओळख एवढीच. त्यामुळे इथे गाडी बांधणारा कारागीर टाकी सरळ गाडीच्या पोटाखाली लटकवतो, नळ्या उघड्या नेतो आणि सगळे पाणी काढून टाकायला तळाशी कॉक ठेवायचे राहून जाते. आपल्या हवेत त्याने काही बिघडत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये श्रीनगरचा पारा उणे ८.५ पर्यंत उतरला. डिसेंबरात इतकी थंड रात्र तिथे पन्नास वर्षांत झाली नव्हती. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने नव्वदच्या दशकात घरांतल्या नळ्यांवर प्रयोग केले. बाहेरची हवा उणे सातच्या आसपास गेली की उघड्या, वेष्टण नसलेल्या नळ्या धोक्यात येतात, असा निष्कर्ष त्यांतून निघाला. श्रीनगरची वाईट रात्र ही मर्यादा सहज ओलांडते, केलाँगची तर साधी रात्रही ओलांडते.

नळी फुटते कशी?

गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते, हे शाळेत शिकवतात. पण नळी फुटते ती बहुतेकदा बर्फ झालेल्या जागी नव्हे. इलिनॉयच्या प्रयोगांत हेच स्पष्ट झाले. नळीत एका ठिकाणी बर्फाचे बूच बसते आणि वाढू लागते. ते बूच आणि पुढचा बंद नळ यांच्यामध्ये पाणी कोंडले जाते, त्याचा दाब चढत जातो आणि सर्वांत कमकुवत सांधा उकलतो. कधी गिझरचा, कधी फिल्टरच्या भांड्याचा, कधी पंपाचा. म्हणून नळ उघडा असेल तर नळी गोठूनही वाचू शकते. आणि म्हणूनच फुटल्याचे त्या क्षणी कळत नाही. दुपारी ऊन पडते, बर्फ वितळतो आणि मग गादीखालून पाणी वाहू लागते.

वाऱ्याबद्दलही एक गैरसमज आहे. वारा पाण्याला हवेच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, पण तिथवर फार लवकर पोहोचवतो. धावत्या गाडीच्या पोटाखालची टाकी थांबलेल्या गाडीपेक्षा लवकर थंड होते ती यामुळे.

काश्मिरी घरांत रात्री नळ बारीक सोडून ठेवतात, कारण वाहते पाणी सहजी गोठत नाही. कॅराव्हॅनमध्ये हा उपाय चालत नाही. शंभर-दीडशे लिटरची टाकी रात्रभर ठिबकली तर सकाळी चहालाही पाणी उरायचे नाही, आणि सांडपाण्याची टाकी भरेल ती वेगळीच.

चालकांचा धडा

रेडिएटरमध्ये साधे पाणी घालण्याच्या काळात पहाडात रात्री गाडी लावली की सफरचंदाच्या ट्रकचा चालक पहिले काम करायचा ते रेडिएटरच्या तळाचा कॉक उघडून पाणी सोडून देण्याचे. सकाळी गरम पाणी ओतले की इंजिन चालू. उभ्या गाडीत पाणी ठेवायचे नाही, हा त्यांचा साधा नियम. पुढे कूलंट आले आणि रेडिएटरपुरता तो नियम मागे पडला. कॅराव्हॅनमधल्या पाण्याला तो आजही तसाच्या तसा लागू आहे.

पद्धत अशी. आधी गिझर बंद करा आणि आतले पाणी पूर्ण निवू द्या. गरम पाण्याचा नळ उघडून दाब जाऊ द्या आणि मगच गिझरच्या तळाचा प्लग काढा. दाब असताना तो काढला तर उकळते पाणी थेट अंगावर येते. मग टाकीचा कॉक उघडा, नळ्यांच्या सर्वांत खालच्या टोकाचे गरम-थंड दोन्ही कॉक उघडा. सगळे नळ, शॉवर आणि फ्लशही उघडा. हातशॉवरची नळी हुकावरून काढून खाली सोडा, तिच्या वळणात पेलाभर पाणी हमखास राहते. पंप काही सेकंद चालवा म्हणजे त्याच्या पोटातले पाणी निघेल. कोरडा फार वेळ चालवू नका. फिल्टरची कांडी आणि आरओची पडदी काढून पिशवीत बांधा आणि उबेत, आपल्या सामानात ठेवा. पडदी एकदा गोठली की निकामी होते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

उरलेले पाणी हवेने उडवायचे असेल तर टायरवाल्याकडे जाताना जपा. ट्रकच्या टायरमध्ये १०० पीएसआयहून जास्त हवा भरतात. इथे ३० ते ४० पुरे. बेसिनखालच्या वाकलेल्या नळीतले पाणी उतरत नाही, ते तोंड सोडवून हाताने काढा. शेवटी सगळे नळ उघडेच ठेवा आणि गिझरच्या बटणावर कागद चिकटवा. रिकामा गिझर चालू केला की त्याचा हीटर जळतो.

ग्लायकॉलचा मोह

आता सर्वांत महत्त्वाचे. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात कूलंटचा डबा मिळतो. पाणी गोठू नये म्हणूनच तो असतो, तर थोडा टाकीत ओतला तर काय बिघडले, असे एखाद्याला वाटू शकते. बिघडते ते जिवाचे. इंजिनाच्या कूलंटमध्ये साधारणपणे इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड असते आणि मूत्रपिंडे निकामी करते. शंभर मिलिलिटरच्या आसपास पोटात गेले तर प्रौढ माणूसही दगावू शकतो.

अमेरिकेत कॅराव्हॅनसाठी वेगळे, गुलाबी रंगाचे अँटिफ्रीझ मिळते. त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल असते, ते तुलनेने निरुपद्रवी मानले जाते आणि वसंतात नळ्या धुऊन काढून टाकतात. मग आपणही तेच आणावे का? माझे उत्तर ठामपणे नाही असे आहे, आणि त्यामागे इतिहास आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिल्याने १४ रुग्ण दगावले. त्यात विषारी डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या प्रकरणाची लक्तरे वेशीवर टांगली. २०२२ मध्ये इंडोनेशियात औषधी सिरपमुळे दोनशेच्या आसपास मुले गेली. तिथे प्रोपिलीन ग्लायकॉलचे लेबल लावलेल्या पिंपांत जवळपास शुद्ध इथिलीन ग्लायकॉल होते. २०२५ मध्ये छिंदवाड्यातली मुले खोकल्याच्या औषधाने दगावली, त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार सुरू होते. त्या औषधातही डायइथिलीन ग्लायकॉल सापडले.

औषध कारखान्यांनी कच्चा माल तपासणे अपेक्षित असूनही हे घडते. मग सुट्या डब्यातून आणलेले द्रव्य प्यायच्या नळीत ओतताना आपण कोणाच्या भरवशावर राहणार? रिकाम्या टाकीत भेसळ करता येत नाही. ग्लायकॉल वापरायचेच असेल तर ते रेडिएटरपुरते ठेवा.

उणे तापमानात राहायचे असेल तर

पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी वीस लिटरच्या जारमध्ये, माणसे झोपतात त्याच भागात ठेवा. टाकी भरायचीच तर निम्मी भरा, बारा व्होल्टवर चालणारी गरम पट्टी तिच्याखाली लावा, रात्री बेसिनखालचे कपाट उघडे ठेवा. सांडपाण्याचा कॉक बंदच हवा; तो उघडा ठेवला तर बारीक धार वाटेत गोठत जाते आणि पाइप तुंबतो. नळी गोठलीच तर नळ उघडून नळाच्या बाजूकडून गरम फडक्याने शेकत मागे या. उकळते पाणी ओतू नका, ज्योत तर नकोच.

गाडीत शेगडी, निखाऱ्यांची कांगडी किंवा गॅस पेटवून झोपणे हा पाण्यापेक्षा मोठा धोका आहे. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दमण इथे गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक गुदमरून गेले. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, जागे होण्याची संधीही मिळत नाही.

डिझेलचेही भान ठेवा. साधे डिझेल कडाक्यात दाटते. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल आणले, ते उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते. लडाखला जाणार असाल तर डिझेलची टाकी खालूनच काठोकाठ भरून वर चढू नका, हे हिवाळी डिझेल तिथे भरून घ्या.

आपल्या कॅराव्हॅन धोरणात वाहनतळावर पाणी आणि विजेची सोय अपेक्षित आहे, ती चांगलीच आहे. तिच्या जोडीला एक छोटी अट हवी: पाण्याची टाकी असलेल्या प्रत्येक गाडीला सर्वांत खालच्या बिंदूवर कॉक असावा आणि ती पूर्ण रिकामी कशी करायची याचा आराखडा दारामागे लावलेला असावा. यासाठी फार खर्च नाही. तोवर उत्तरेकडे निघणाऱ्यांनी गाडी बांधून घेताना किंवा भाड्याने घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा, कॉक कुठे आहे? आणि तो पुण्यातच स्वतःच्या हाताने एकदा उघडून, सगळे पाणी निघते का ते पाहून मगच निघावे.