मोडेमची बोली

ठाणें-कल्याणच्या पट्ट्यांतील घरांत इंटरनेट आज विजेच्या दिव्याप्रमाणें बटण दाबतांच हजर होतें. परंतु वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं तें टेलिफोनच्या तारेंतून, शिट्ट्या आणि खरखर ऐकवीत, मिनिटें मोजीत घरांत येत असे. त्या काळीं ज्यांनीं आपल्या संगणकावर लिनक्स ही मुक्त प्रणाली चालविण्याचें मनावर घेतलें, त्यांना एका तळहाताएवढ्या पेटीनें पुष्कळ जेरीस आणलें. ती पेटी म्हणजे यूएसबी मोडेम. पेटी आतां माळ्यावर गेली आहे. तिनें शिकविलेला धडा मात्र माळ्यावर टाकण्याजोगा नाहीं.

मोडेम म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. टेलिफोनची तार मनुष्याच्या आवाजासाठीं योजिलेली. सेकंदास सुमारें ३०० पासून ३,४०० पर्यंत कंपनें असलेले ध्वनि तिच्यांतून नीट जातात. त्यापलीकडचे वाटेंतच गळतात. संगणकाजवळ तर आवाज मुळींच नाहीं. त्याची सारी भाषा शून्य आणि एक या दोन चिन्हांची. तेव्हां या चिन्हांचे सूर करून तारेवर सोडणें, आणि पलीकडून आलेल्या सुरांचीं पुन्हा चिन्हें करणें, हें दुभाष्याचें काम मोडेम करतो. १९९८ सालीं ठरलेल्या व्ही-९० या नियमाप्रमाणें घराकडे येणारी माहिती सेकंदास अधिकांत अधिक ५६,००० चिन्हांच्या आणि घरांतून जाणारी ३३,६०० चिन्हांच्या गतीनें धांवूं शकत असे. प्रत्यक्षांत ४५,००० ची गति मिळाली तरी लोक समाधान मानीत. त्या गतीनें एक मेगाबाइटची वस्तु उतरून घ्यावयास तीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागे.

मुंबईच्या परिसराला ही विद्या नवी नव्हती. जुहूचें राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आय. आय. टी. यांच्यामध्यें १९८६ च्या सुमारास टेलिफोनच्या तारेवरूनच ई-मेलची देवघेव सुरू झाली होती. सामान्य नागरिकांस मात्र इंटरनेटचें दार उघडलें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगमनें आपली सेवा सुरू केली तेव्हां. पुढें कांहीं वर्षांत सेवा देणाऱ्या संस्था वाढल्या, आणि हें लोण मुंबईच्या उपनगरांतून खाडीपलीकडे कळव्यासहि पोंचलें.

आतां २००४ सालच्या सुमारास कळव्यास, खारेगांवच्या बाजूस राहणाऱ्या एका मध्यम स्थितीच्या कुटुंबाची कल्पना करावी. थोरला मुलगा परदेशीं शिकावयास गेलेला. त्याचीं पत्रें ई-मेलनें येतात. तीं वाचण्यासाठीं आईला सायबर कॅफेंत जावें लागतें, आणि मुलाचें खुशालीचें पत्र चार परक्या माणसांच्या शेजारीं बसून, घड्याळाकडे पाहात वाचावें लागतें. ही अडचण दूर करण्यासाठीं घरांत एक जुना संगणक आणला. त्यावर पैसे देऊन घेण्याची प्रणाली परवडेना, आणि तिची चोरटी प्रत घालणें वडिलांस रुचेना. धाकट्या मुलीनें मासिकाबरोबर आलेल्या चकतीवरून लिनक्स प्रणाली घातली. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ज्या मुक्त आज्ञावलींच्या कार्याची घोषणा केली, आणि लिनस टॉर्व्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं ज्या गाभ्याची जोड त्यांना दिली, त्यांतून ही प्रणाली उभी राहिलेली. तिची प्रत कोणीहि घ्यावी, दुसऱ्यास द्यावी, तिचें अंतरंग उघडून पाहावें. त्यास आडकाठी नाहीं. पीसीक्वेस्टसारखें मासिक तिची चकती अंकासोबत देत असे, म्हणूनच ती अशा घरापर्यंत पोंचली. इतकें झाल्यावर वडिलांनीं दुकानांतून यूएसबी मोडेम आणला, तार जोडली, आणि पेटींतील दिवा लागला. पण संगणक त्या पेटीशीं बोलेना.

बिघाड पेटींत नव्हता आणि प्रणालींतहि नव्हता. प्रश्न बोलीचा होता. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या मोडेमच्या दोन जाति होत्या. पहिल्या जातीचा मोडेम सुरांचें सारें गणित आपल्या पेटींतच करी, आणि संगणकाशीं यूएसबीच्या प्रसिद्ध झालेल्या नियमांच्या भाषेंत बोले. या नियमांना थोडक्यांत सीडीसी-एसीएम म्हणतात. दुसऱ्या जातीचा मोडेम म्हणजे निम्मा मोडेम. आंतील महागडा भाग काढून टाकून गणिताचें ओझें संगणकावर लादलेलें, आणि तें गणित करणारी आज्ञावली कारखानदारानें केवळ विंडोज प्रणालीसाठीं लिहिलेली. ती कशी लिहिली, हें गुपित. अशा मोडेमना लोक विनमोडेम म्हणत. ते स्वस्त पडत, म्हणून दुकानांतून तेच अधिक खपत.

मध्य रेल्वेवरील प्रवाशास हा भेद चटकन् उमजावा. १८५४ सालीं ठाण्याहून कळव्यावरून कल्याणास गाडी गेली, तेव्हां रुळांमधील अंतर ५ फूट ६ इंच होतें. आजहि तेंच आहे. हें माप सर्वांस ठाऊक असल्यामुळें कोणत्याहि कारखान्यांत बनलेला डबा या मार्गावर धांवतो. उलट नेरळहून माथेरानास जाणारी १९०७ ची गाडी २ फुटांच्या रुळांवर चालते, म्हणून नेरळास प्रत्येकानें उतरून गाडी बदललीच पाहिजे. पहिल्या जातीचा मोडेम म्हणजे मोठ्या मापाचा डबा. दुसऱ्या जातीच्या डब्याचें माप तर धन्यानें सांगितलेलेंच नव्हतें; मग त्याच्यासाठीं रूळ टाकणार कोण?

म्हणून पहिलें काम मोडेमची जात ओळखण्याचें. लिनक्समध्यें एलएसयूएसबी ही आज्ञा दिली कीं जोडलेल्या वस्तूचा कारखानदार-क्रमांक व वस्तु-क्रमांक दिसे. त्यानंतर डीमेसेज ही आज्ञा देऊन गाभ्यानें त्या वेळीं काय टिपून ठेवलें तें वाचावयाचें. त्यांत टीटीवाय-एसीएम-शून्य असें नांव उमटलेलें दिसलें कीं निम्मी लढाई जिंकली. मोडेम पहिल्या जातीचा, आणि त्याचा ड्रायव्हर म्हणजे त्यास हांकणारी आज्ञावली गाभ्याबरोबरच आलेली आहे. केवळ क्रमांक दिसून नांव उमटलें नाहीं, तर बहुधा दुसऱ्या जातीशीं गांठ पडली असें समजावें.

नांव उमटलें तरी संगणकाचा साधा वापर करणाऱ्यास मोडेमला हात लावण्याची परवानगी असेलच असें नसे. प्रणालीच्या पुष्कळ आवृत्त्यांत त्यासाठीं डायलआउट नांवाचा एक गट असे, आणि त्या गटांत वापरणाऱ्याचें नांव घालावें लागे. एवढ्या एका गोष्टीपायीं कित्येकांनीं चांगला मोडेम दुकानदारास परत केला असेल.

यानंतर फोन लावण्याचें काम. डब्ल्यूव्हीडायल नांवाची एक छोटी आज्ञावली तें करी. तिच्या टिपणांत मोडेमचें नांव, फोनचा क्रमांक, ग्राहकाचें नांव आणि परवलीचा शब्द लिहावयाचा. क्रमांक आपापल्या विभागाचा लिहिणें अगत्याचें होतें, कारण कळव्याचे दूरध्वनि मुंबईच्या ०२२ या संकेतांकाखालीं, तर पुढें चार स्टेशनांवरील डोंबिवलीचे ०२५१ खालीं. डोंबिवलीच्या स्नेह्यानें दिलेलें टिपण कळव्यास जसेंच्या तसें चालेलच असें नव्हे.

हें टिपण वाचून आज्ञावली मोडेमला ज्या भाषेंत हुकूम करी, ती हेज कंपनीनें १९८१ सालीं आपल्या स्मार्टमोडेमसाठीं योजिलेली. प्रत्येक हुकुमाच्या आरंभीं एटी हीं दोन अक्षरें, जणूं ‘लक्ष दे’ अशी हांक. एटीडीटी म्हणजे सुरांनीं क्रमांक फिरव, एटीएच म्हणजे फोन खालीं ठेव. मोडेमनें ‘ओके’ म्हटलें कीं त्यास हुकूम समजला.

येथें आपल्या देशापुरती एक गंमत होती. मोडेम फोन उचलून प्रथम तारेवरील गुणगुण ऐकतो, आणि ती ओळखीची वाटली तरच क्रमांक फिरवितो. अमेरिकेंतील गुणगुण ३५० व ४४० कंपनांच्या दोन सुरांची. भारतांतील ४०० कंपनांच्या एका सुराची, आणि तोहि २५ कंपनांच्या लयींत हेलकावे घेणारा. परदेशी सवयीच्या मोडेमला तो सूर ओळखूं येत नसे. तार जिवंत, हातांतील फोन चालू, आणि मोडेम मात्र ‘तारेवर सूर नाहीं’ असें सांगून स्वस्थ बसे. उपाय सोपा होता. एटीएक्स३ हा हुकूम आधीं दिला कीं मोडेम सुराची वाट न पाहतां क्रमांक फिरवी, आणि पलीकडील फोन गुंतलेला असल्यास तेवढें ओळखी.

क्रमांक लागला कीं दोन्ही टोकांचे मोडेम शिट्ट्या घालून एकमेकांची परीक्षा घेत. पावसाळ्यांत जमिनीखालील तारांच्या सांध्यांत पाणी शिरलें कीं खरखर वाढे. मग मोडेम आपली गति आपणच उतरवीत किंवा जोड तुटून जाई. तो दोष तारेचा. त्यासाठीं प्रणाली पुन्हा घालणें म्हणजे घर गळतें म्हणून छत्री दुरुस्त करणें होय.

जोड झाल्यावर पीपीपी नांवाच्या नियमांनुसार संगणकास इंटरनेटवरील तात्पुरता पत्ता मिळे. येथेंहि दोन खड्डे होते. जोड झाली, पत्ता मिळाला, तरी एकहि पान उघडत नाहीं, अशी तक्रार वारंवार येई. एक कारण असें कीं नांवांवरून पत्ते सांगणाऱ्या संगणकाचा क्रमांक टिपलेला नसे. दुसरें असें कीं संगणकांत जाळ्याचें दुसरें कार्ड असलें तर बाहेर जाण्याचा मुख्य रस्ता आधींच त्याच्या नांवें लिहिलेला असे, आणि पीपीपीची आज्ञावली तो आपण होऊन पुसत नसे. तो जुना रस्ता काढून टाकला कीं पानें उघडूं लागत.

हें सर्व पहिल्या जातीच्या मोडेमविषयीं झालें. कळव्याच्या त्या कुटुंबाच्या हातीं आला तो दुसऱ्या जातीचा, असें समजावें. त्यांतील कांहीं मोडेमसाठीं स्मार्ट लिंक या कंपनीनें लिनक्सकरतां आज्ञावली दिली होती. पण तिचा सुरांचें गणित करणारा मुख्य भाग बंदच होता. कोनेक्संटच्या मोडेमसाठीं लिनक्संट नांवाच्या कंपनीची आज्ञावली मिळे. फुकट प्रतीची गति १४,४०० वर रोखलेली, आणि पुरी गति हवी तर पैसे भरावयाचे. तीन मिनिटांचें काम तीवर दहा मिनिटांचें होई, आणि टेलिफोनचा मीटर तर पळतच असे. शिवाय ही आज्ञावली इंटरनेटवर ठेवलेली. ती मिळविण्यासाठीं इंटरनेट हवें, आणि इंटरनेटसाठीं ती हवी! अखेर सायबर कॅफेंतूनच ती चकतीवर उतरून आणावी लागे.

याहून मोठा प्रश्न पुढेंच होता. २००३ च्या डिसेंबरांत लिनक्सचा २.६ हा नवा गाभा प्रसिद्ध झाला. जुन्या २.४ गाभ्यासाठीं बांधून ठेवलेली बंद आज्ञावली त्यावर चालेना. खुल्या आज्ञावलीचें तसें नव्हतें. तिचें अंतरंग सर्वांपुढें असल्यामुळें गाभा बदलणाऱ्यांनीं तीहि बरोबरच बदलली, आणि वापरणाऱ्यास त्याची वार्ताहि लागली नाहीं. बंद आज्ञावलीचा धनी मात्र नवी प्रत देईल तेव्हां खरी. त्यानें मनावर घेतलें नाहीं, तर तार तीच, मोडेम धडधाकट, पण त्याची भाषा जाणणारा उरला नाहीं म्हणून तो मुका. विकत घेतलेली वस्तु आपल्या मालकीची, असें ग्राहक समजतो. येथें तिचें आयुष्य दुसऱ्याच्या मर्जीवर टांगलेलें होतें.

अशा वेळीं त्या कुटुंबानें आठवडेच्या आठवडे झगडत बसण्यापेक्षां मोडेम बदलून पहिल्या जातीचा घेणेंच शहाणपणाचें होतें, जरी थोडे पैसे अधिक पडले तरी. तसें केलें कीं वर सांगितलेल्या पायऱ्या एका संध्याकाळीं चढून होत, आणि आईला मुलाचें पत्र आपल्या घरीं, चष्मा पुसून, दोनदां वाचतां येई.

त्यानंतर ब्रॉडबँड आलें, मोबाइल आले, आणि तारेवरच्या शिट्ट्या थांबल्या. अमेरिकेंतील एओएल कंपनीनेंहि ३० सप्टेंबर २०२५ रोजीं आपली ही सेवा बंद केली. पण त्या मोडेमची उघडी बोली मेली नाहीं. एटी या अक्षरांनीं सुरू होणारे हुकूम मोबाइलच्या जाळ्याशीं बोलणाऱ्या मोडेमना आजहि दिले जातात. सीडीसी-एसीएमचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यांत अजून आहे. शाळेंतील मुलें आर्डुइनोची पट्टी संगणकास जोडतात तेव्हां टीटीवाय-एसीएम-शून्य हेंच नांव पुष्कळदां उमटतें. पहिल्या जातीचा एखादा जुना मोडेम आज माळ्यावरून काढून जोडला, तर नवा लिनक्स त्यास ओळखील. गुपित बाळगणारे त्याचे भाऊबंद मात्र केव्हांच भंगारांत गेले.

गृहस्थानें यांतून घ्यावयाचें तें इतकेंच. प्रिंटर असो, कॅमेरा असो, भिंतीवरील दिवा मोबाइलवरून लावणारी पेटी असो, खरेदीच्या वेळीं किंमत व रंग यांबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: ही वस्तु सर्वांस ठाऊक असलेल्या नियमांनीं बोलते, कीं केवळ आपल्या धन्याच्या बोलींत? कारण धनी दुकान आवरून गेला म्हणजे त्याची बोली त्याच्याबरोबर जाते, आणि घरांत उरते ती नुसती पेटी.