लायका घ्यावा की नको?

गेल्या दिवाळीत माझा भाचा घरी आला होता. फराळाची बशी पुढे ठेवली तरी त्याचं लक्ष मोबाइलमध्येच. शेवटी फोन माझ्यासमोर धरून म्हणाला, "मामा, हा कॅमेरा कसा आहे? अजून दोन वर्षं पैसे साठवले की घेता येईल."

पडद्यावर लायका कंपनीचा एम मालिकेतला कॅमेरा होता. मी विचारलं, "फोटो कशाचे काढणार आहेस?"

"आधी आजीचे. वाईच्या घरी, स्वयंपाकघरात, ती रोज वावरते तसे. लग्नकार्यातले पदर सावरून बसलेले फोटो सोडले, तर तिचा एकही धड फोटो नाही आपल्याकडे."

त्याची आजी म्हणजे माझी आई. वय वर्षं शहाऐंशी. त्यामुळे 'दोन वर्षं' हे शब्द मला जरा टोचले. त्या दिवशी भाच्याला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगणार आहे. कारण हा प्रश्न हल्ली अनेक तरुण मंडळी विचारतात.

आधी रेंजफाइंडर म्हणजे काय ते पाहू. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. अंगठा जागचा हललेला दिसेल. आता तो नाकाजवळ आणून पुन्हा तसंच करा. या वेळी तो जास्त हललेला दिसेल. वस्तू जितकी जवळ, तितका हा फरक मोठा. या फरकावरून वस्तू किती लांब आहे ते काढता येतं. रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला थोड्या अंतरावर दोन खिडक्या असतात, त्या म्हणजे त्याचे दोन डोळे. आपण एका खिडकीतून पाहतो आणि दुसरीतली प्रतिमा मधल्या लहानशा चौकोनात उमटते. सुरुवातीला त्या चौकोनात माणसाची दोन नाकं दिसतात. लेन्सची कडी फिरवत गेलं की ती एकमेकांवर सरकतात. दोनाचं एक झालं की फोकस बरोबर. लेन्स आणि हा चौकोन यांचा सांधा पूर्णपणे यांत्रिक असतो. त्यात वीज लागत नाही.

जर्मनीतल्या वेट्झलार गावी ओस्कार बार्नाक यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा १९१३-१४च्या सुमारास बनवला. १९२५ साली तो लायका या नावाने बाजारात आला. फोकसशी जोडलेला रेंजफाइंडर त्यात १९३२ मध्ये आला आणि १९५४ मध्ये एम-३ आला. एम हे अक्षरच रेंजफाइंडरसाठीच्या जर्मन शब्दावरून घेतलेलं आहे. पुढे १९५९ मध्ये निकॉन एफ आला आणि व्यावसायिक छायाचित्रकार हळूहळू एसएलआरकडे वळले. एसएलआरमध्ये लेन्सच्या मागे तिरका आरसा असतो. त्यामुळे लेन्सला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं.

मिररलेस म्हणजे हा आरसा काढून टाकलेला डिजिटल कॅमेरा. सेन्सरवर पडणारं चित्र सरळ छोट्या पडद्यावर दिसतं. अदलाबदलीच्या लेन्स आणि इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर असलेला पॅनासॉनिकचा जी-१ २००८ साली आला आणि इथून या कॅमेऱ्यांचा जमाना सुरू झाला. २०१३ मध्ये सोनीने ३५ मिलिमीटर फिल्मएवढा मोठा सेन्सर बसवलेला ए-७ आणला. आता तुम्ही म्हणाल, लायका एममध्ये तरी लेन्समागे आरसा कुठे आहे? खरं आहे, दोघांतही नाही. फरक पाहण्याच्या रीतीत आहे. मिररलेसमध्ये तुम्ही सेन्सरने टिपलेलं चित्र पाहता, तर रेंजफाइंडरमध्ये काचेच्या खिडकीतून समोरचं जग पाहता.

या खिडकीचं सुख मोठं आहे, हे मी अनुभवाने सांगतो. फोटोत काय येणार त्याची चौकट आत पांढऱ्या रेषांनी दाखवलेली असते आणि बऱ्याच लेन्सच्या बाबतीत चौकटीबाहेरचंही दिसत राहतं. कोण चौकटीत शिरतोय, कोण निघून जातोय, ते आधीच कळतं. गर्दीत, रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांना हेच हवं असतं.

पण त्या खिडकीतून सगळंच स्पष्ट दिसतं, त्यामुळे फोटोत मागचं किती धूसर येईल ते तिथे कळत नाही. खिडकी लेन्सच्या बाजूला असल्यामुळे अगदी जवळच्या वस्तूची चौकट नेमकी जुळत नाही. एमच्या बहुतेक लेन्स ७० सेंटिमीटरच्या अलीकडे फोकस होत नाहीत. झूम जवळजवळ नाहीच आणि १३५ मिलिमीटरच्या पुढच्या लेन्स या पद्धतीत चालत नाहीत. ऑटोफोकसही नाही. शिवाय कॅमेऱ्याला दणका बसला, तर ही नाजूक जुळणी बिघडते आणि कारागिराकडून पुन्हा लावून घ्यावी लागते.

आता किमतीकडे येऊ. २०२२ साली लायका एम-११ आला, तेव्हा अमेरिकेत नुसत्या बॉडीची किंमत सुमारे ९ हजार डॉलर होती. लेन्स वेगळी, आणि तीही कंपनीची घेतली तर बहुधा दोन हजार डॉलरच्या वर. उलट सोनीचा ए-७सी २०२० मध्ये सुमारे १८०० डॉलरला आला. लायकाच्याच वळणाचा दिसणारा फुजीचा एक्स-१००सहा २०२४ मध्ये सुमारे १६०० डॉलरला आला आणि त्यात लेन्सही होती. कॅननचा आर-५० तर २०२३ मध्ये ७०० डॉलरच्या आत होता. भारतात आयातकर आणि जीएसटीमुळे आकडे बदलतात, पण एका लायकाच्या पैशांत पाच-सहा चांगले कॅमेरे येतात हे प्रमाण ध्यानात राहू द्या.

मग हे जास्तीचे पैसे जातात कुठे? बरेचसे त्या यंत्रणेत. भिंगं, प्रिझम आणि तरफा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशेबाने हातांनी जुळवाव्या लागतात आणि असे कॅमेरे बनतातही थोडे. काही पैसे नावाचे, हेही उघड आहे. मात्र त्यातून फोटो पाच पटींनी चांगला निघत नाही.

"पण मामा, लायका पिढ्यान् पिढ्या टिकतो म्हणतात," भाचा म्हणाला. हे अर्धंच खरं आहे. १९५४चा एम-३ नीट राखला असेल, तर आजही फिल्म घालून चालतो. त्याला बॅटरीही लागत नाही. एमच्या तेव्हाच्या लेन्स आजच्या एम कॅमेऱ्यांवर बसतात. डिजिटल बॉडीची गोष्ट मात्र वेगळी. २००९च्या एम-९ मध्ये सेन्सरवरची काच गंजण्याचा दोष निघाला. कंपनी बरीच वर्षं सेन्सर बदलून देत होती, पण २०२० मध्ये बदली सेन्सरच संपले. म्हणजे पितळेची बॉडी शंभर वर्षं टिकेलही, पण आतलं इलेक्ट्रॉनिक्स इतर कॅमेऱ्यांसारखंच म्हातारं होणार.

लेन्सवर पैसे घालायचे असतील, तर एक मधला मार्ग आहे. एमची लेन्स सेन्सरपासून २७.८ मिलिमीटरवर बसते, सोनीत हे अंतर १८ मिलिमीटर आहे. उरलेल्या जागेत साधा अॅडॉप्टर बसवला की एमची लेन्स मिररलेसवर चालते. रुंद कोनाच्या काही जुन्या लेन्सनी कडेचा भाग फिका किंवा पुसट येतो, तेवढं सांभाळावं. आणि गंमत पाहा, २०२५ मध्ये खुद्द लायकाने एम ईव्ही-१ हा कॅमेरा आणला. त्यात रेंजफाइंडर नाही, इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर आहे.

आता वाईच्या स्वयंपाकघरात जाऊ. एक लहान खिडकी, एक दिवा, आणि भाकरी थापताना सतत हलणारे हात. माणूस दोन-तीन फुटांवर. इथे काय लागेल? कमी उजेडात चालणारा सेन्सर, हाताचा कंप सांभाळणारी सोय, जवळ फोकस होणारी लेन्स, आणि चेहरा किंवा डोळा ओळखून त्याचा पाठलाग करणारा ऑटोफोकस. हे सगळं मध्यम किमतीच्या मिररलेसमध्ये मिळतं. जुन्या फिल्मच्या एमचं शटर फार हळू वाजायचं, ही त्या काळी मोठी सोय होती. आज कित्येक मिररलेसमध्ये शटर पूर्ण मुकं करता येतं. फक्त ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली त्यामुळे कधी कधी फोटोत पट्टे उमटतात. तसं झालं, तर साधं शटर वापरावं.

रेंजफाइंडरची शिस्त मात्र फुकट शिकता येते. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरची लेन्स लावा. अॅपर्चर एफ-८ ठेवा, ऑटोफोकस बंद करून फोकस तीन मीटरवर ठेवा. सुमारे दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येईल. मग फोकसची चिंता सोडून माणसांकडे पाहायचं. महिनाभर हे केलं, की अंतराचा अंदाज डोळ्यात बसतो.

शेवटी त्याला एक आठवण करून दिली. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा लायका वापरणारा फ्रेंच छायाचित्रकार ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींना भेटून बाहेर पडला आणि थोड्याच वेळात त्यांची हत्या झाली. तो तसाच परतला. बिर्ला हाउसच्या फाटकावरून पंडित नेहरू लोकांना ती बातमी सांगताहेत, हा त्याचा फोटो जगभर पोहोचला. संध्याकाळच्या अपुऱ्या उजेडातला तो फोटो धूसर आहे. पण तो आहे, कारण माणूस त्या वेळी तिथे होता आणि हातात कॅमेरा होता.

भाच्याने दिवाळीनंतर एक मध्यम किमतीचा मिररलेस घेतला आणि दुसऱ्याच शनिवारी वाईला गेला. फोटो मी पाहिले. निम्मे हललेले आहेत. एकात चुलीपुढे बसलेली आई कोणाकडे तरी पाहून हसते आहे, पिठाने भरलेले हात तसेच वर धरून. आईला फोटो दाखवले, तर कॅमेरा कुठला, हे तिने विचारलं नाही. म्हणाली, "अगंबाई, माझे हात एवढे सुरकुतले होय रे?"

तुमच्याकडे खरोखर जास्तीचे पैसे असतील आणि त्या खिडकीतून जग पाहण्याची ओढ असेल, तर लायका जरूर घ्या, तो सुंदर कॅमेरा आहे. पण त्यासाठी फोटो काढायचे थांबवू नका. आज परवडेल तो कॅमेरा घ्या, तोही नसेल तर खिशातला फोन काढा. आपल्याकडे पैसे साठेपर्यंत घरातली माणसं काही थांबून राहत नाहीत.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)