माशी बांधताना दोरा कोणता निवडावा?

थंड, वाहत्या पाण्यात राहणारा ट्राउट मासा मुख्यतः पाण्यातल्या व पाण्यावरच्या कीटकांवर जगतो, आणि त्याच्या या सवयीचा आधार घेऊन गळावर पिसे, केस, लोकर व दोरा यांनी कीटकाची प्रतिकृती घडवण्याची कला युरोपात शतकानुशतके जोपासली गेली आहे. या प्रतिकृतीला ‘माशी’ आणि ती घडवण्याला ‘माशी बांधणे’ किंवा फ्लाय टाइंग म्हणतात. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापल्या गेलेल्या, गळाने मासे धरण्यावरील एका पुस्तिकेत अशा बारा माश्यांचे वर्णन आढळते. ‘बांधणे’ हा शब्द येथे अगदी नेमका आहे, कारण माशीतील पीस न पीस केवळ ताणलेल्या दोऱ्याच्या वेढ्यांखाली दाबले जाऊन जागी राहते आणि गोंद किंवा वार्निश लागते ते शेवटी, डोक्यावरच्या गाठीला. म्हणूनच गळ धरणाऱ्या महागड्या शेगड्यावर पैसे खर्चून घरातला शिवणाचा दोरा वापरू पाहणाऱ्या नवशिक्याचा क्रम चुकतो; आधी दोरा समजून घ्यायला हवा.

शिवणाचा नेहमीचा दोरा आखूड तंतूंना पीळ देऊन काततात, त्यामुळे तो जाड आणि लवदार असतो. माशीचा दोरा याउलट अखंड, लांबच लांब तंतूंचा असून त्याला पीळ अगदी कमी दिलेला असतो, म्हणून तो गळाच्या दांड्यावर फितीसारखा चपटा बसू शकतो. त्याची जाडी सांगण्याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत शून्ये मोजतात : ६/० म्हणजे सहा शून्ये, ८/० म्हणजे आठ, आणि शून्ये जितकी अधिक तितका दोरा बारीक, परंतु हे आकडे निरनिराळ्या उत्पादकांत जुळत नाहीत आणि नवशिक्याचा गोंधळ बहुतेकदा इथेच होतो. दुसरी पद्धत डेनिअरची असून ९,००० मीटर दोऱ्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचा डेनिअर होय. इचलकरंजी किंवा भिवंडीच्या यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही, कारण सुती धाग्याचा काउंट वाढला की धागा बारीक होतो आणि कृत्रिम धाग्याचा डेनिअर वाढला की जाड होतो, हे त्याच्या रोजच्या व्यवहारातले आहे. ७० डेनिअरच्या शंभर मीटर दोऱ्याचे वजन एक ग्रॅमही भरत नाही. १४० डेनिअरचा दोरा वजनाने त्याच्या दुप्पट असला तरी, पदार्थ एकच असेल तर, त्याचा व्यास साधारण १.४ पटच होतो, कारण वजन व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

दोरा कशाचा आहे यालाही महत्त्व आहे. नायलॉन ओढल्यावर ताणला जातो आणि वेढा दिल्यावर आखडू पाहतो, त्यामुळे त्याखालचे पीस घट्ट धरले जाते. पॉलिएस्टर त्या मानाने कमी ताणते. जेल-स्पन पॉलिएथिलीन हा दोरा त्याच जाडीच्या इतर दोऱ्यांपेक्षा कितीतरी बळकट असल्याने हरणाचे पोकळ केस दांड्याभोवती आवळून फुलवण्यास उत्तम ठरतो, परंतु तो निसरडा असतो, चांगल्या कात्रीलाही दाद देत नाही आणि जोराने ओढल्यास बोट कापतो. पहिल्या माश्यांसाठी तो घेऊ नये. रेशीम हा या कलेचा मूळ दोरा होय. उत्तर इंग्लंडच्या परंपरेतील ‘पार्ट्रिज अँड ऑरेंज’ या माशीचे सगळे शरीर नारिंगी रेशमाच्या वेढ्यांचेच असते, त्यापुढे तित्तिरवर्गातील पक्ष्याच्या ठिपकेदार पिसाचा एकच विरळ वेढा येतो, आणि मेण लावलेले रेशीम भिजले की त्याचा भडक रंग गडद होऊन जिवंत किड्याच्या अंगासारखा दिसू लागतो. इतक्या थोड्या साधनांत साधलेला असा परिणाम क्वचितच पाहायला मिळतो. तरीही आरंभी १० किंवा १२ क्रमांकाचा गळ, म्हणजे हातात नीट दिसेल एवढा गळ, घेऊन ७० डेनिअरचा काळा नायलॉन दोरा वापरणे सर्वांत सोयीचे असते, आणि तो वारंवार तुटत असेल तर काही दिवस १४० चा घ्यावा.

हत्यारे थोडीच लागतात. गळ घट्ट धरणारा शेगडा साधा असला तरी चालतो. अमेरिकेतील ली वुल्फ तर शेगड्याशिवाय, नुसत्या बोटांत गळ धरून माश्या बांधण्यासाठी ख्यातनाम होते. कात्री मात्र अणकुचीदार हवी. बॉबिन म्हणजे येथे शिलाई यंत्रातली चकती नव्हे, तर दोन दांड्यांमध्ये रीळ धरून बारीक नळीतून दोरा सोडणारे हत्यार. हात सोडला तरी त्याच्या लोंबत्या वजनाने दोरा ताणलेला राहतो. धातूच्या नळीच्या तोंडाला कंगोरा राहिला असेल तर दोरा तिथेच कातरला जातो आणि दोष दोऱ्याला दिला जातो, म्हणून तोंडाशी सिरॅमिक असलेले बॉबिन घेण्यात थोडे अधिक पैसे गेले तरी ते सार्थकी लागतात.

दोऱ्याची खरी परीक्षा पीस बांधताना होते. पीस दांड्यावर नुसते ठेवून वेढा आवळला तर दोरा त्याला आपल्याबरोबर पलीकडच्या बाजूला ओढून नेतो. म्हणून पीस अंगठा व तर्जनीच्या चिमटीत धरून दोऱ्याचा एक सैल फास त्याच चिमटीतून वर नेऊन पलीकडे उतरवावा आणि चिमूट न सोडता सरळ खाली ओढावा, म्हणजे पीस जागच्या जागी दबते. दोरा पिळून दोरखंडासारखा गोल झाला असेल तर बॉबिन लोंबते सोडून, वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवल्यास उजव्या हाताने बांधणाऱ्याचा दोरा पुन्हा चपटा होतो. गळाच्या नेढ्याच्या मागे, नेढ्याएवढीच, जागा डोक्यासाठी मोकळी राखावी लागते, आणि बारीक दोऱ्याचा मोठा लाभ इथे दिसतो : जाड दोऱ्याचे सहा वेढे ही जागा भरून नेढे झाकून टाकतात, तर बारीक दोऱ्याच्या तितक्याच वेढ्यांनंतरही अखेरच्या गाठीला, म्हणजे दोऱ्याचे टोक चार-पाच वेढ्यांखालून ओढून लपवणाऱ्या ‘व्हिप फिनिश’ला, जागा उरते.